‘गिफ्टेड’ला मराठीत काय म्हणायचं?

जळगाव-धुळ्याकडच्या पालकसभांत ‘गिफ्टेड’ हा शब्द हल्ली सर्रास ऐकू येतो. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा शिष्यवृत्तीच्या यादीत आलेलं किंवा नवोदयला लागलेलं मूल असतं. गिफ्ट म्हणजे मात्र देणगी. ती मिळते, परीक्षा देऊन कमवावी लागत नाही.

बुद्धिमापन चाचण्या आल्या आणि देणगीला आकडा चिकटला. 1921 मध्ये कॅलिफोर्नियात साधारण 135च्या वर बुद्ध्यंक असलेली दीड हजारांवर मुलं निवडून त्यांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्या चाळणीतून गळालेल्या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. 1972 च्या अमेरिकी सरकारी अहवालाने कला, नेतृत्व, सर्जनशीलता यांनाही आत घेतलं आणि ‘गिफ्टेड अँड टॅलेंटेड’ ही जोडी रूढ झाली.

आपला गुंता याच जोडीपाशी आहे. 1963 साली दिल्लीत विज्ञानापुरती ‘टॅलेंट सर्च’ परीक्षा सुरू झाली, पुढे ती देशभर गेली. मराठीत तिला नाव पडलं प्रज्ञाशोध. 1985 च्या सुमारास कॅनडातल्या एका अभ्यासकाने दोन्ही शब्द काटेकोरपणे वेगळे केले: गिफ्ट उपजत, टॅलेंट सरावाने घडलेलं. पण उपजत समजेचा ‘प्रज्ञा’ हा शब्द आपण टॅलेंटला देऊन बसलो होतो. मग गिफ्टेडसाठी कुणी ‘प्रज्ञावंत’ लिहितं, कुणी ‘प्रतिभावान’, कुणी ‘असामान्य बुद्धीचं’. प्रज्ञाशोध म्हणजे परीक्षा, परीक्षा म्हणजे क्लास, असं समीकरण बसलं आणि क्लास न लावलेलं मूल त्या शब्दाबाहेरच राहिलं. ही परीक्षा 2021 पासून थांबली आहे, समीकरण कायम आहे.

नवोदय विद्यालयं 1986 च्या धोरणातून उभी राहिली. तिथे किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, ही मोठीच गोष्ट आहे. पण धडगाव-अक्कलकुव्याचं भिली, पावरी बोलणारं मूल मराठीतून उतारा वाचून उत्तर देतं, तेव्हा तपासली जाते ती देणगी की भाषा?

अमळनेरकडे कापूस वेचणीच्या संध्याकाळी बांधावर वजनकाटा लागतो. वही उघडायच्या आत सगळ्या बायांची वजनं आणि मजुरी तोंडी सांगणारी चौथीतली पोर मी पाहिली आहे. शाळेच्या नोंदीत ती ‘साधारण’ होती. तिची आजी अहिराणीत म्हणाली, “देवनी देन शे.”