घाणेरीची दोनशे वर्षं

जंगलातली घाणेरी उपटून फेकायची की तिचा काही उपयोग करायचा, हा वाद अलीकडे पुन्हा रंगतो आहे. त्यामागचा इतिहास पाहिला की वाटतं, या दोन गोष्टी इतकी वर्षं एकमेकींपासून सुट्या राहिल्या हेच आपलं मोठं नुकसान. निर्मूलनाचं काम वनखात्याकडे आणि प्रयोगशाळांकडे गेलं. उपयोग करण्याचं काम मात्र ज्यांच्या हाताशी दुसरं काही उरलं नव्हतं, अशा माणसांवर येऊन पडलं.

घाणेरी किंवा टणटणी म्हणजे लँटाना कॅमारा. तिचं मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. सतराव्या शतकात डचांनी ती युरोपात नेली. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं मिरवणाऱ्या या झुडपाचं बागवाल्यांना वेड लागलं आणि संकरातून तिचे शेकडो वाण तयार झाले. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण आज जंगलात जी घाणेरी आहे ती ब्राझीलच्या रानातली मूळ वनस्पती नाही. माणसाने निवडून, मिसळून घडवलेली ती झुडपं आहेत. भारतात ती १८०७ ते १८०९च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून शोभेचं झाड म्हणून, कुंपण म्हणून देशभर पोचली.

तिला कुंपणाबाहेर न्यायला बुलबुलांसारखे फळं खाणारे पक्षी पुरेसे होते. पानांत लँटाडीन नावाची विषारी द्रव्यं असतात. ती पोटात गेली की गुरांचं यकृत बिघडतं, कावीळ होते, ऊन लागून कातडी सोलवटते. त्यामुळे चराईच्या रानात आजूबाजूचं सगळं खाल्लं जातं आणि घाणेरी तेवढी शिल्लक राहते. दाट सावलीत ती फारशी जोर धरत नाही. पण एकोणिसाव्या शतकात कॉफीच्या मळ्यांसाठी आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी रानं तुटत गेली, तसा जमिनीवर ऊन्हाचा तुकडा तुकडा मोकळा झाला. ते मोकळं रान घाणेरीने धरलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उपाय म्हणून किड्यांकडे पाहिलं गेलं. हवाई बेटांवर १९०२ मध्ये मेक्सिकोहून घाणेरीचे शत्रुकीटक आणून सोडले होते. आपल्याकडे कीटकशास्त्रज्ञ वाय. रामचंद्र राव यांनी भारतात आणि ब्रह्मदेशात घाणेरीवर कोणकोणते किडे जगतात याची पाहणी केली. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत जवळपास दीडशे जाती सापडल्या, पण तिला आवर घालू शकेल असा त्यांत एकही नव्हता. १९२१ मध्ये तिच्या बियांवर जगणारी माशी हवाईहून आणली. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून पानांतला रस शोषणारा टेलिओनेमिया हा ढेकणासारखा कीटक डेहराडूनला आला. चाचणीत तो सागाच्या फुलोऱ्यावरही जगू शकतो असं दिसल्यावर त्याला सोडायचं नाही असं ठरलं. तरीही तो बाहेर निसटला आणि पुढे रानात आढळला. सागाचं मोठं नुकसान झालं नाही, पण घाणेरीही हटली नाही. पानं झडतात, पाऊस पडला की पुन्हा फुटतात.

याच काळात फड्या निवडुंग मात्र किड्याने हरवला होता. १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनिल किड्याने दक्षिण भारतातले निवडुंगाचे फड साफ केले. ते यश पाहून घाणेरीकडूनही तशीच अपेक्षा धरली गेली. पण संकरातून आलेल्या इतक्या वाणांवर एकच किडा सारखा चालत नाही.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांचा इतिहास मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो. तिथले सोलिगा आदिवासी उन्हाळ्याच्या सुरुवातीला पालापाचोळ्याला हलकी आग लावत. जमिनीलगतची ही आग लवकर विझे, घाणेरीची कोवळी रोपं तिच्यात मरत. १९७४ मध्ये अभयारण्य झालं आणि आग लावणं बंद झालं. घाणेरी माजण्यामागे ही बंदी आहे, असं सोलिगा सांगत आले. तिथल्या अभ्यासभूखंडांपैकी १९९७ मध्ये सुमारे ४१ टक्के ठिकाणी असलेली घाणेरी २००८ मध्ये ८१ टक्के ठिकाणी पोचली होती. आगबंदी हे एकमेव कारण नसेलही, पण रान रोज पाहणाऱ्यांना विचारायला इतका उशीर व्हायला नको होता.

उपयोगाचा इतिहास बांबूपासून सुरू होतो. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला, तेव्हा कागद गिरण्यांना तो टनाला दीड रुपया अशा दराने मिळत होता आणि बुरुड बाजारात कितीतरी पट मोजत होते. वेत-बांबू दुर्मिळ झाल्यावर टोपल्या विणणारे हात घाणेरीकडे वळले. कर्नाटकातल्याच माले महादेश्वर टेकड्यांत बंगळूरच्या ॲट्री या संशोधन संस्थेने २००४च्या सुमारास सोलिगा आणि कोरव कारागिरांबरोबर याला व्यवसायाचं रूप दिलं. काठ्या उकळायच्या, साल सोलायची, ओलसर असतानाच हव्या तशा वाकवायच्या. त्यापासून खुर्च्या, टेबलं, टोपल्या होतात. निलगिरीतल्या गुडलूर भागात तर बेट्टकुरुंब, पणिया, काट्टुनायकन आणि सोलिगा कारागिरांनी घाणेरीचे खऱ्या मापाचे हत्ती घडवले. ते २०२१ मध्ये लंडनच्या बागांत आणि २०२४ पासून अमेरिकेत फिरले.

या कामाचं मोल मी कमी करणार नाही. पण कारागिराला सरळ, जाड काठी हवी असते आणि ती जाळीतला थोडाच भाग असते. शिवाय नुसती काठी कापली तर बुंध्यातून आधीपेक्षा जास्त फुटवे येतात. घाणेरी काढण्याची खरी उपयोगी पद्धत दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी उत्तराखंडच्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात दाखवली. जमिनीच्या थोडं खाली, खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या भागाच्या खालून, मुळावर कुदळीने घाव घालायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. त्यामुळे माती फार उकरली जात नाही आणि फुटवा येत नाही. मग मोकळ्या जागेत स्थानिक गवत लावायचं आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवणारी रोपं पुढची काही वर्षं उपटत राहायची.

निनाद मुंगी आणि सहकाऱ्यांच्या २०२०च्या अभ्यासात भारतातल्या व्याघ्र-अधिवासांपैकी ४० टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर क्षेत्राला घाणेरीचा विळखा असल्याचं मांडलं गेलं. एवढं सगळं फर्निचरमध्ये संपणार नाही. बारीक फांद्यांच्या इंधन-विटा करता येतात, पण डोंगरातून माल खाली आणण्याचा खर्च मोठा असतो. म्हणून मजुरी काठीच्या वजनावर न देता साफ झालेल्या आणि साफ राहिलेल्या जमिनीवर द्यावी, काठी हे त्यावरचं जादा उत्पन्न असावं, असं माझं मत आहे. नाहीतर ज्या झुडपावर पोट चालतं ते संपवण्यात कोणाला रस राहील? बिळिगिरी रंगनमधल्या सोलिगांच्या ग्रामसभांना २०११ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. साफ केलेल्या जागेची पुढे कित्येक वर्षं राखण करायची तर ती याच गावांना करावी लागेल, आणि त्यासाठी कुदळीच्या मजुरीबरोबर आग कधी लावायची, गवत कोणतं पेरायचं हे ठरवण्याचा अधिकारही त्यांच्याकडे असायला हवा.