दुखण्याआधी घ्यायची गोळी

मॉर्फिन या तीव्र वेदनाशामक औषधाचं नाव काढलं की घरच्यांचे चेहरे उतरतात. ‘म्हणजे आता शेवटचंच का?’ आणि ‘सवय लागली तर?’ हे दोन प्रश्न ठरलेले. या भीतीपायी कॅन्सरचे कितीतरी रुग्ण रात्र रात्र तळमळत काढतात. त्यातला बराचसा त्रास टाळता येतो, म्हणून तर हे लिहायचं.

गाठ हाडात शिरते, नसेवर दाब देते, आतडं अडवते. तिथून निघालेला वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. मॉर्फिन मज्जारज्जूतल्या आणि मेंदूतल्या ठरावीक रिसेप्टरांवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश झेलणाऱ्या जागांवर, बसून तो संदेश क्षीण करतं. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी द्यायची, त्या घडीला दुखत असो वा नसो. दुखू लागल्यावरच दिली, तर ती लागू पडेपर्यंत रुग्ण कळा सोसतो आणि जरा बरं वाटलं की पुढच्या कळेच्या धास्तीत बसतो. मग तो सारखी गोळी मागतो आणि घरच्यांना वाटतं, लागली सवय! पुष्कळदा त्याला डोस कमी पडत असतो, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये यासाठी तीन पायऱ्यांची पद्धत मांडली: आधी पॅरासिटामॉलसारखी औषधं, मग सौम्य ओपिऑइड (मॉर्फिनच्याच जातीची, पण कमी तीव्र औषधं), मग मॉर्फिन; शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळाप्रमाणे. दुखण्याच्या प्रमाणात डोस हळूहळू वाढवला आणि डॉक्टरांची नजर असली, तर व्यसन लागणं किंवा श्वास मंदावणं क्वचितच घडतं. मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच. मूत्रपिंडं कमजोर असतील तर डोस कमी करावा लागतो. नसेच्या जळजळत्या दुखण्याला वेगळी औषधं असतात आणि हाडातल्या गाठीचं दुखणं पुष्कळदा रेडिएशनच्या एकाच मात्रेने कमी होतं.

आपल्याकडे औषध मिळणं हाच मोठा अडथळा होता. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची अशी गुंतागुंत झाली, की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये दुरुस्ती होऊन नियम सुटसुटीत झाले, तरी लहान गावांत ते आजही सहज मिळत नाही. हे मला अक्षम्य वाटतं.

पण दुखणं फक्त शरीराचं नसतं. लंडनमध्ये 1967 साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था) सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी शरीर, मन, कुटुंब आणि श्रद्धा अशा चारही अंगांची वेदना एकत्र पाहायला शिकवलं. म्हणून पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, टीममध्ये डॉक्टर, नर्स, समुपदेशक, समाजसेवक सगळे लागतात. तोंडाच्या कॅन्सरची जखम चिघळते, तिला दुर्गंधी येते. लाजेने रुग्ण कोपऱ्यात बसतो, नातवंडांना जवळ येऊ देत नाही. ही दुर्गंधी विशिष्ट जिवाणूंमुळे येते. नर्स मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ती पूड जखमेवर घालायला शिकवते आणि काही दिवसांत वास कमी होतो. अगदी स्वस्त औषध, पण नातवंड पुन्हा मांडीवर बसू शकतं.

‘त्यांना काही सांगू नका हं,’ असं घरचे विनवतात, त्या वेळीही समुपदेशकाचं काम असतं. आधी घरच्यांची भीती ऐकून घ्यायची, मग रुग्णाला विचारायचं, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? पुष्कळांना आधीच कळलेलं असतं. कुणाशी बोलता येत नसतं, इतकंच.

मुंबईत 1986 मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 पासून विनामूल्य सेवा देतं. घरच्यांनाही तिथे शुश्रूषा शिकवतात.

ही सेवा शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवायची नाही. अमेरिकेत बॉस्टनमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या 151 रुग्णांवर अभ्यास झाला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर मिळाली. त्यांचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य कमी राहिलं. शेवटी केमोचा मारा कमी झाला, तरी ते जास्त जगले: मध्यक काळ (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो) 11.6 महिने, इतरांचा 8.9.

तेव्हा केमो सुरू होतानाच डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: इथे पॅलिएटिव्ह केअरचा विभाग आहे का, घरी येणारी टीम आहे का, आणि रात्री दुखू लागलं तर फोन कुणाला करायचा.