आपत्कालीन बेगमी आणि स्वयंपूर्णता

आपत्कालीन बेगमी आणि स्वयंपूर्णता : भूकंप, पूर, वादळ, युद्ध, साथ किंवा लांबलेला वीजखंड अशा प्रसंगी नेहमीचा पुरवठा तुटला, तरी काही काळ स्वतःच्या बळावर तग धरता यावा म्हणून कुटुंबाने, वस्तीने किंवा राज्याने आधीच करून ठेवलेली तजवीज. पाणी, अन्न, औषधे, उजेड, ऊब, मलमूत्राची विल्हेवाट आणि खबरबात या तिच्यातल्या मुख्य बाबी. बेगमी आणि स्वयंपूर्णता यांची अनेकदा गल्लत केली जाते. बेगमी ठरावीक मुदतीची असते. पुरवठा पुन्हा सुरू होईपर्यंतचा वेळ ती मिळवून देते. कोणावाचूनच काही अडणार नाही, हा संपूर्ण स्वयंपूर्णतेचा दावा. पहिलीचे यशस्वी दाखले इतिहासात पुष्कळ सापडतात. दुसरीच्या मागे लागलेल्या समाजांचा अनुभव तितकासा चांगला नाही.

कोठारांची परंपरा

संकटासाठी धान्य राखून ठेवण्याची व्यवस्था राज्यसंस्थेइतकीच जुनी आहे. गोरखपूरजवळ सोहगौरा येथे सापडलेला ब्राह्मी लिपीतला ताम्रपट बहुतेक अभ्यासक इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यात दोन कोठारांचा उल्लेख असून तिथला माल निकडीच्या वेळीच काढावा, असा त्याचा आशय आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारप्रमुखाला दिलेली सूचना याहून नेमकी आहे : जमा मालापैकी अर्धा लोकांवरच्या संकटासाठी ठेवावा, अर्धा वापरावा आणि जुन्याच्या जागी नवा भरत राहावे. आजही घरगुती साठ्याबद्दल तज्ज्ञ सांगतात त्यातला मोठा भाग या शेवटच्या वाक्यात आला आहे. न फिरवलेला साठा कीड, बुरशी आणि विसर यांच्या स्वाधीन होतो.

चीनमध्ये हान राजवटीत इ. स. पू. ५४ मध्ये गंग शौचांग या अधिकाऱ्याने ‘सदासम’ कोठारांची पद्धत मांडली. भाव पडले की सरकारने धान्य विकत घ्यायचे आणि भाव चढले की विकायचे. यात साठा आपोआप फिरता राहतो आणि भावही आवाक्यात राहतात. १७४३-४४ मध्ये उत्तर चीनमध्ये तीव्र अवर्षण पडले, तेव्हा छिंग राजवटीने याच कोठारांतून आणि कालव्याने आणलेल्या धान्यातून फार मोठ्या लोकसंख्येला जगवले. पुढे भ्रष्टाचार आणि रिकामी तिजोरी यांनी व्यवस्था पोखरली. १८७६ ते १८७९ च्या दुष्काळात त्याच प्रदेशात सुमारे एक कोटी माणसे मेली. कोठारांच्या वह्या तोवर होत्या. धान्य फारसे उरले नव्हते.

अँडीज पर्वतात इंकांनी डोंगरउतारावर, वारा खेळेल अशा जागी, रांगेने हजारो कोठारे बांधली. तिथे ठेवला जाणारा एक पदार्थ म्हणजे चुन्यो. बटाटे रात्रीच्या कडाक्यात गोठवायचे, दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचे आणि हे काही दिवस करून ते खडखडीत वाळवायचे. असा बटाटा अनेक वर्षे टिकतो. साम्राज्य कोसळल्यावर यातल्या काही साठ्यांवर स्पॅनिश सैन्य पोसले गेले. साठा करणारा आणि तो खाणारा एकच असेल याची हमी नसते, ही गोष्ट बेगमीच्या पुस्तिकांत सहसा लिहीत नाहीत.

एका पिकावरची स्वयंपूर्णता

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आयर्लंडमधले गरीब कूळ एका अर्थाने युरोपातले सर्वांत स्वयंपूर्ण कुटुंब होते. जमिनीचा छोटा तुकडा, त्यात बटाटा, जोडीला थोडे दूध. बाजारातून अन्न विकत घेण्याची वेळ क्वचितच येई. घेता यावे इतका पैसाही हाती नसे. बटाटा बहुतांशी ‘लंपर’ या एकाच वाणाचा होता आणि तो धान्यासारखा एका वर्षाचा दुसऱ्या वर्षात नेता येत नव्हता. १८४५ मध्ये करपा रोग आला आणि पुढच्या वर्षी जवळजवळ सगळे पीक जमिनीतच कुजले. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख लोक मेले आणि तितकेच देश सोडून गेले. याच काळात आयर्लंडमधून धान्य आणि जनावरे इंग्लंडला जातच होती. अन्न होते, पण ते मिळवण्याचे साधन लोकांकडे नव्हते. स्वतः पिकवून खाणे म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण या दुष्काळात मोडले. बेगमीची भिस्त किती वेगवेगळ्या वाटांवर आहे हे अधिक महत्त्वाचे ठरते.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनचे उदाहरण नेहमी उलट बाजूने दिले जाते. परसात, उद्यानांत आणि रेल्वेच्या कडेला भाजीपाला पिकवण्याची मोहीम तिथे फार गाजली. ती यशस्वीही होती. मात्र तिने दिल्या त्या भाज्या. गव्हाची मोठी रसद अटलांटिक पार करून जहाजांच्या ताफ्यांतूनच येत होती. घरची बाग, काटेकोर शिधावाटप आणि आयात या तिन्हींनी मिळून देश तगला. शिधावाटप १९४० मध्ये सुरू झाले ते १९५४ पर्यंत चालले, आणि युद्धभर मुक्त असलेल्या पावावर निर्बंध आले ते युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये. १९९१ नंतर सोव्हिएत मदत आटलेल्या क्यूबातही असेच घडले. हवानातल्या मोकळ्या जागांवर वाफे उभे राहिले, शहराला ताजी भाजी मिळू लागली, लोक सायकलींवर आले. धान्य आणि तेल मात्र परदेशातूनच येत राहिले.

वेढ्यातली शहरे

पुरवठा तुटणे म्हणजे काय, हे वेढा पडलेल्या शहरांइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. रशियातल्या लेनिनग्राडला (आजचे सेंट पीटर्सबर्ग) जर्मन सैन्याने घातलेला वेढा ८ सप्टेंबर १९४१ रोजी पक्का झाला आणि ८७२ दिवस चालला. त्याच दिवशी बॉम्बहल्ल्यात बदायेव गोदामे पेटली. एकाच ठिकाणी साठवलेले पीठ आणि साखर जळाली. शहराचा साठा एरवीही फार दिवस पुरणारा नव्हता, पण वितळलेली साखर मुरलेली तिथली माती लोक नंतर खणून नेत, विकत आणि पाण्यात ढवळून, गाळून पीत. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम आणि इतरांना १२५ ग्रॅम पाव मिळे. पावाच्या पिठात सरकीची पेंड आणि लाकडापासून काढलेला सेल्युलोज मिसळलेला असे. लादोगा सरोवर गोठल्यावर बर्फावरून मालमोटारींचा रस्ता सुरू झाला, म्हणून शहर वाचले. १९४२ च्या वसंतात सेंट आयझॅक चर्चसमोरच्या चौकातही कोबी लावला गेला.

याच शहरात वनस्पतिसंशोधन संस्थेचा जगातल्या सर्वांत मोठ्या बियाणेसंग्रहांपैकी एक संग्रह होता. तांदूळ, कडधान्ये, बटाटे हाताशी असताना तिथल्या अनेक कर्मचाऱ्यांनी त्याला हात लावला नाही आणि ते उपासमारीने मेले. खायची बेगमी आणि पेरायची बेगमी वेगळी ठेवण्याचे यापेक्षा कठोर उदाहरण सांगता येत नाही.

बोस्नियाची राजधानी सारायेव्होचा वेढा (१९९२-१९९६) याहून लांबला. तिथे अन्नाइतकाच पाण्याचा प्रश्न बिकट होता. नळ आणि वीज दोन्ही बंद. जुन्या बिअर कारखान्याखालच्या झऱ्यावर लोक कॅन घेऊन रांगा लावत आणि त्या रांगांवर तोफगोळे पडत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला तेच कॅन जिन्याने चढवावे लागत. त्यामुळे एकच पाणी अनेकदा वापरायची सवय लागली : आधी धुण्याला, मग पुसायला, शेवटी संडासात. उद्यानांतली झाडे सरपणाला गेली, मग फर्निचर, जुने बूट, पुस्तके. पत्र्याच्या डब्यांपासून बनवलेल्या छोट्या शेगड्या घरोघरी होत्या. १९९३ मध्ये विमानतळाखालून सुमारे ८०० मीटरचे भुयार खणले गेले आणि बाहेरून माल येऊ लागला. हातची कारागिरी आणि बाहेरची रसद यांतले एकच असते, तर निभाव लागला नसता.

शेजार

घरगुती साठ्याच्या याद्यांत न येणारी बाब म्हणजे माणसे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५.४६ वाजता जपानमधल्या कोबे शहराला भूकंपाने हादरवले. ६,४०० हून अधिक लोक दगावले. ढिगाऱ्यांतून जिवंत काढलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी बाहेर काढले. अग्निशामक दले आणि सैन्य प्रत्येक ठिकाणी वेळेत पोहोचणे शक्यच नव्हते. कोण कुठल्या खोलीत झोपते हे शेजाऱ्याला ठाऊक होते, म्हणून कुठे खणायचे तेही ठाऊक होते. त्याच वर्षी जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली आणि ७०० हून अधिक लोक मेले. त्यांत एकट्याने राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने होते. दार ठोठावणारे कोणी नव्हते.

ज्ञानाचा साठाही वस्तीचाच असतो. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण ‘स्मोंग’ या नावाने गाण्यांत आणि गोष्टींत टिकून होती : जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला, तर डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या जवळ असूनही सुमारे ७८,००० वस्तीच्या या बेटावर अवघे सात जण मृत्युमुखी पडले. भोंगे नव्हते, इशारा देणारी यंत्रणाही नव्हती.

घरगुती बेगमी

पाणी सर्वांत आधी. माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर हा सर्वसाधारण हिशेब; त्यातले निम्मे पिण्याला, निम्मे स्वयंपाक आणि जुजबी स्वच्छतेला. अंघोळ आणि धुणे यात धरलेले नाही. संशयास्पद पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान १ मिनिट, आणि २,००० मीटरहून उंच ठिकाणी ३ मिनिटे उकळावे, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. इंधन नसेल तर ५ ते ९ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या, सुगंध न मिसळलेल्या ब्लीचचे लिटरला २ थेंब टाकून ३० मिनिटे थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यावे आणि कापडातून गाळावे, कारण गाळातच क्लोरीन खर्ची पडते. यातल्या कोणत्याही उपायाने रसायने किंवा इंधन मिसळलेले पाणी शुद्ध होत नाही.

अन्न रोजच्या खाण्यातलेच, पण थोडे जादा असावे. जुने पुढे, नवे मागे. खास आपत्कालासाठी आणलेले आणि घरात कोणी न खाणारे डबे मुदत संपेपर्यंत पडून राहतात. शिजवायला पाणी आणि इंधन लागणार हे धरूनच पदार्थ निवडावेत. वीज गेल्यावर बंद ठेवलेला फ्रिज साधारण ४ तास आणि भरलेला फ्रीझर ४८ तास गार राहतो. दार उघडून पाहण्याचा मोह महागात पडतो.

वादळ किंवा भूकंपानंतरच्या दिवसांत टाळता येण्यासारखे बरेच मृत्यू कार्बन मोनॉक्साइडमुळे होतात. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. जनरेटर किंवा कोळशाची शेगडी घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीलगत चालवल्याने झोपेतच माणसे मरतात. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर दूर असावा. संडासाचा प्रश्नही असाच दुर्लक्षित : सांडपाण्याची वाहिनी फुटली असेल, तर झाकणाची बादली, जाड पिशव्या आणि राख, भुसा किंवा माती यांची सोय लागते. हगवण पसरली की साठवलेले पाणी दुप्पट वेगाने संपते.

बाकी यादी सर्वपरिचित आहे : नेहमीची औषधे, बॅटरी, सेलवर चालणारा रेडिओ, कागदपत्रांच्या प्रती, सुटे पैसे. रेडिओ आणि रोकड यांना जुनाट समजले जाते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकाच वेळी गेली, तेव्हा कार्डयंत्रे आणि मोबाइल जाळे दोन्ही कोलमडली आणि लोक ट्रान्झिस्टर शोधत फिरले.

सरकारी धोरणे आणि आक्षेप

जपानमध्ये १ सप्टेंबर हा आपत्तीनिवारण दिन पाळला जातो; १९२३ च्या कांतो भूकंपात, ऐन दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी पेटलेल्या आगींनी केलेल्या संहाराची ती तारीख. स्वीडनने २०१८ मध्ये ‘संकट किंवा युद्ध आले तर’ अशा शीर्षकाची पुस्तिका ४८ लाख घरांत पाठवली आणि २०२४ मध्ये सुधारून पुन्हा वाटली. फिनलंडमध्ये कुटुंबाने किमान ७२ तास स्वतःची सोय पाहावी असा संकेत आहे. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये तोच आकडा सर्व सदस्य देशांपुढे ठेवला.

या आवाहनांवर एक आक्षेप रास्त आहे : ज्यांच्या घरात आठवड्याचा किराणाही एकदम भरता येत नाही, त्यांना तीन दिवसांची जादा बेगमी सांगणे सोपे, करणे अवघड. म्हणूनच सार्वजनिक साठ्याला पर्याय नाही. साठेबाजीचा आरोप मात्र सरसकट लागू पडत नाही. स्वस्थ काळात हळूहळू भरलेले घर संकटात दुकानावरचा ताण कमी करते. २०२० च्या साथीच्या सुरुवातीला रिकामी झालेली फडताळे ऐनवेळी धावलेल्यांची होती. तळघरात बंदुकांसह दडून बसण्याची, शीतयुद्धाच्या अणुभीतीतून अमेरिकेत फोफावलेली कल्पना या विषयाला उगाच चिकटली आहे. वर दिलेल्या प्रसंगांत जी माणसे वाचली, ती बहुधा एकमेकांच्या आधाराने वाचली.

काय अत्यावश्यक मानायचे, हा वाद कधीच पूर्ण मिटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये आयातदारांना कायद्याने राखीव साठा ठेवावा लागतो आणि त्यात कॉफीही आहे. २०१९ मध्ये सरकारने कॉफीत ऊर्जामूल्य जवळपास नाही, म्हणून ती यादीतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर इतका विरोध झाला की तो प्रस्ताव बाजूला ठेवावा लागला.