गुगल समर ऑफ कोड : मेंटॉर संस्था म्हणून अर्ज करताना

समर ऑफ कोड म्हणजे नवशिक्यांनी मुक्त स्रोत प्रकल्पांत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअर प्रकल्पांत, मेंटॉरच्या (मार्गदर्शकाच्या) हाताखाली काही आठवडे काम करण्याचा गुगलचा मानधनासह कार्यक्रम. विद्यार्थ्याने त्याचा अर्ज कसा भरावा हे सांगणारे बरेच भेटतात. पण त्याच्या कितीतरी आधी, जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन फेब्रुवारीत बंद होणारा एक अर्ज असतो, तो प्रकल्पाने भरायचा. प्रकल्प निवडला गेला तरच विद्यार्थ्यांची पाळी येते. हा कार्यक्रम २००५पासून चालू आहे.

पात्रता साधी आहे. सॉफ्टवेअर मान्यताप्राप्त मुक्त परवान्याखाली आधीच प्रसिद्ध झालेले हवे. नुसता बेत चालत नाही. ट्रस्ट किंवा कंपनी म्हणून नोंदणी असण्याची गरज नाही. एकट्यादुकट्याचे मात्र काम नाही: निदान दोन प्रशासक लागतात आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे मेंटॉर. नियमाने एक पुरतो, तुम्ही दोन ठेवा. आमच्याकडे एका वर्षी ऐन जुलैत मेंटॉरने नोकरी बदलली आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या मुलीचा पॅच (कोडमधला तिने सुचवलेला बदल) अकरा दिवस कुणी उघडूनही पाहिला नाही. तिने तीनदा नम्रपणे विचारले होते. ते संदेश आजही वाचवत नाहीत.

कागदपत्रे म्हणावीत अशी फारशी नाहीत. संस्थेची माहिती, लोगो, परवान्याचे नाव, आणि काही प्रश्नांची उत्तरे: मेंटॉर कामात टिकून राहतील यासाठी काय कराल, विद्यार्थी वेळापत्रकात मागे पडू नये म्हणून काय कराल. इथे गोडगोड लिहू नका. कोण कोणत्या वारी कोड तपासणार, सुट्टीवर गेल्यास जागी कोण येणार, एवढे लिहा.

अर्ज तरतो किंवा बुडतो तो कल्पनांच्या यादीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना देऊ करायच्या कामांच्या यादीवर. ‘मराठी शोध सुधारणे’ ही कल्पना नव्हे. ‘दर्या’ शोधला की ‘दऱ्या’ही निकालात येतात, म्हणजे समुद्र मागितला आणि डोंगरातल्या दऱ्या मिळाल्या, हे दोन्ही ‘र’ वेगळे ओळखणारा भाग लिहायचा, त्याच्या चाचण्या लिहायच्या, पायथॉन येणे आवश्यक, काम १७५ तासांचे, अवघडपणा मध्यम, मेंटॉर अमुक दोघे. असे लिहिले की मुलांना काम डोळ्यांसमोर दिसते. काम ९०, १७५ किंवा ३५० तासांचे, यांपैकी कोणते ते प्रत्येक कल्पनेपुढे नमूद करावेच लागते.

विद्यार्थ्यांचे अर्ज साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला येतात. वय १८ पूर्ण हवे. २०२२पासून महाविद्यालयात असण्याची अट गेली. मुक्त स्रोतात नवा असलेला कुणीही चालतो. एकाला तीन प्रस्ताव देता येतात, निवड एकाच ठिकाणी होते. प्रस्ताव पीडीएफमध्ये येतो. तो वाचण्याआधी त्या मुलाने तुमच्या प्रकल्पात एखादी छोटी दुरुस्ती केली आहे का ते बघा, आणि तिच्यावर सूचना आल्यावर तो कसा वागला तेही. मी तरी प्रस्तावाच्या भाषेपेक्षा यालाच जास्त वजन देते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे इंग्रजी प्रस्ताव अडखळतात, काम अडखळत नाही.

निकाल मे महिन्यात लागतो. पहिले काही आठवडे प्रकल्पाशी ओळख करून घेण्याचे, मग प्रत्यक्ष काम. नेमक्या याच वेळी आपल्याकडे अनेक विद्यापीठांच्या परीक्षा असतात. म्हणून प्रस्तावातच परीक्षेचे वेळापत्रक मागून घ्या. मोठ्या कामाचा नेहमीचा कालावधी १२ आठवडे, तो २२पर्यंत वाढवता येतो. हे मुलांना ठाऊक नसते आणि ती जूनमध्ये रात्ररात्र जागतात.

मानधन दोन हप्त्यांत मिळते, एक मध्यावधी मूल्यमापनानंतर आणि दुसरा शेवटच्या. दोन्ही वेळा मेंटॉरने मुदतीत शेरा भरायचा असतो. नापास करायची वेळ आलीच तर ती बातमी विद्यार्थ्याला कार्यक्रमाच्या पोर्टलवरून कळता कामा नये. आधी फोन करा.

राहिला जागांचा आकडा. प्रस्ताव वाचून झाल्यावर संस्थेने किती विद्यार्थी हवेत ते कळवायचे असते. चांगले प्रस्ताव आठ असले आणि खात्रीचे मेंटॉर सहा, तर प्रत्येकामागे दोन धरून तीनच जागा मागा.