पफरफिश विकत घेण्याआधी त्याचे पाणी ओळखा

सोलापुरातील शोभेच्या माशांच्या दुकानांत गोल्डफिश, मॉली, एंजल आणि फायटर यांच्या गर्दीत अधूनमधून एक आखूड, गोलमटोल मासा दिसतो. हिरवट पिवळ्या पाठीवर काळे ठिपके, पांढरे पोट, आणि एक डोळा आपल्याकडे असताना दुसरा मात्र भलतीकडेच फिरणारा. काचेजवळ माणूस आला की हा मासा पळत नाही, उलट पुढे येऊन निरखू लागतो, आणि लहान मुलांनी एकदा त्याला पाहिले की घरी नेल्याशिवाय ती हलत नाहीत. दुकानदार त्याला नुसते ‘पफर’ म्हणतो. कोकण किनाऱ्यावर याच कुळातील समुद्री माशांना केंड म्हणतात. अडचण अशी की या एका नावाखाली तीन निरनिराळ्या पाण्यांत जगणारे मासे विकले जातात. काही जन्मभर गोड्या पाण्यात राहतात, काहींना खाडीचे मचूळ पाणी लागते आणि काही निखळ समुद्राचे असतात. म्हणून किंमत विचारण्याआधी ‘हा नेमका कोणता पफर?’ हे विचारले पाहिजे, कारण टाकी, मीठ, खर्च आणि त्या माशाचे आयुष्य हे सारे त्या उत्तरावर ठरते.

पफरच्या कुळात सुमारे २०० जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक समुद्रात राहतात. शहरातील दुकानांत मात्र प्रामुख्याने तीन-चार जातींशीच गाठ पडते. वर वर्णन केलेला हिरवा ठिपकेवाला पफर भारत व श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंतच्या खाड्यांत, नदीमुखांत आणि खारफुटीत आढळतो. दुकानात तो दोन-तीन सेंटिमीटरचे पिल्लू असतो, पण पुढे १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. ‘फिगर एट’ पफर आग्नेय आशियातील असून जेमतेम आठ सेंटिमीटरचा होतो, आणि त्याच्या तपकिरी पाठीवरील पिवळ्या वळणदार रेषा व शेपटीजवळचे कडे असलेले काळे ठिपके पाहिले की तो चटकन ओळखता येतो. या दोघांनाही मचूळ पाणी हवे असते. याउलट अडीच-तीन सेंटिमीटरचा ‘पी पफर’, म्हणजे वाटाण्याएवढा पफर, केरळ व कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या नद्यांचा रहिवासी असून तो पूर्णपणे गोड्या पाण्यातला आहे. पूर्व भारतातून येणाऱ्या मालात कधी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील गोड्या पाण्याचा पफरही असतो. त्याच्या कुशीवर डोळ्यासारखा एकच ठळक ठिपका असतो आणि स्वभावाने तो चांगलाच भांडखोर असतो. नाईल नदीतला ‘फहाका’ कोणी दाखवलाच, तर तो ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो हे लक्षात ठेवून घरच्या टाकीचा विचार सोडून द्यावा.

हिरव्या ठिपकेवाल्या पफरविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याचा जनुकसंच २००४ साली उलगडून प्रसिद्ध झाला, कारण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये इतका आटोपशीर जनुकसंच क्वचितच सापडतो. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या आहेत, तर या माशात ४० कोटींहूनही कमी, आणि तरीही जनुकांची संख्या साधारण आपल्याइतकीच आहे. ज्याच्याविषयी विज्ञानाला इतके बारकाईने ठाऊक आहे, तोच मासा दुकानातून घरी नेल्यावर चुकीच्या पाण्यात काही महिन्यांत मरतो, याचे फार वाईट वाटते.

चुकीच्या पाण्यात नेमके काय बिघडते? माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक-तृतीयांश असते, म्हणजे गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त आणि समुद्रापेक्षा कितीतरी कमी. गोड्या पाण्यात कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून पाणी सतत शरीरात शिरते आणि क्षार बाहेर निसटतात, त्यामुळे मूत्रपिंडांना भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकावे लागते आणि कल्ल्यांतील विशिष्ट पेशींना पाण्यातून क्षार ओढून घ्यावे लागतात. समुद्रात हे चक्र उलटे फिरते. तिथे शरीरातले पाणी बाहेर जाते, म्हणून मासा पाणी पितो आणि त्यासोबत आलेले जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. खाडीतील माशांना भरती-ओहोटीनुसार ही दोन्ही कामे आळीपाळीने करता येतात. प्रयोगशाळेत हिरवा ठिपकेवाला पफर गोड्या पाण्यातून थेट समुद्राच्या पाण्यात सोडला तरी तग धरतो असे दिसून आले आहे. दुकानातील गोड्या पाण्याच्या टाकीत तो आठवडेच्या आठवडे टुणटुणीत दिसतो तो याच क्षमतेमुळे, आणि ग्राहकाची फसगतही इथेच होते. तग धरणे म्हणजे मानवणे नव्हे. कायम गोड्या पाण्यात ठेवलेला हा मासा पुढे पोटाकडून काळवंडतो, खाणे सोडतो आणि साध्या साध्या रोगांना बळी पडतो.

इथे सोलापूरकरांचा एक समज तपासून पाहावा लागतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्याला सर्रास खारे म्हणतात, आणि ‘बोअरचे पाणी घाला, खारेच असते, पफरला चालते’ असा सल्लाही दिला जातो. हे पाणी जड असते. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपताना त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात, म्हणून डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. पण खाडीच्या पाण्याचा खारेपणा मुख्यतः सोडियम क्लोराइडचा असतो आणि प्रमाणात तर दोहोंची तुलनाच होत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांची भारतीय मानकांनुसार अखेरची मर्यादा लिटरला २००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम आहे. समुद्राच्या पाण्यात तेच प्रमाण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम असते, आणि फिगर एट पफरला लागणाऱ्या सौम्य मचूळ पाण्यातसुद्धा ते ७ ते ९ ग्रॅम असावे लागते. तेव्हा पिववणार नाही इतके जड बोअरचे पाणीही पफरच्या दृष्टीने गोडेच ठरते. मात्र जडपणाचा एक फायदा होतो. या माशांना किंचित अल्कधर्मी, आठच्या आसपास सामू (पीएच) असलेले पाणी मानवते आणि तो सामू जड पाण्यात टिकून राहतो. पी पफरसाठीही आपले साधारण जड पाणी सहसा चालून जाते. त्याच्यासाठी निव्वळ आरओचे पाणी वापरू नये, कारण त्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत आणि सामू सहज घसरतो.

मचूळ पाणी तयार करायला स्वयंपाकघरातले मीठ पुरत नाही. आयोडीनमुळे ते घातक ठरते असे अनेकजण सांगतात, पण ते आयोडीन अगदीच थोडे असते. खरी उणीव अशी की त्या मिठात सोडियम क्लोराइडखेरीज फारसे काही नसते, आणि समुद्री पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व सामू सांभाळणारे कार्बोनेट त्यातून मिळत नाहीत. त्यासाठी समुद्री मत्स्यालयांचे तयार मीठ मिळते, तेच मागवावे. ६० लिटरच्या टाकीत फिगर एटसाठी त्याचे साधारण अर्धा किलो लागते. खारेपणा मोजताना पाण्याची सापेक्ष घनता पाहतात. फिगर एटसाठी ती १.००५ च्या आसपास असावी, तर हिरव्या ठिपकेवाल्या पफरसाठी पिल्लूपणी १.००५ पासून सुरुवात करून वयाबरोबर १.०१० आणि त्यापुढे न्यावी. ही वाढ आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त करू नये. मासा एखादे वेळी झटका सोसेलही, पण फिल्टरमध्ये राहून त्याची घाण पचवणारे जिवाणू तो सोसत नाहीत. ही घनता मोजण्यासाठी हायड्रोमीटर हे पाण्यात तरंगणारे उपकरण वापरणाऱ्यांनी त्यावर लिहिलेले तापमान आवर्जून पाहावे. उपकरण २५ अंशांसाठी बनवलेले असेल आणि मे महिन्यात टाकीचे पाणी ३४ अंशांवर असेल, तर पाणी प्रसरण पावल्यामुळे आकडा ०.००२ ते ०.००३ ने कमी दिसतो आणि माणूस विनाकारण मीठ वाढवत बसतो.

उन्हाळा ही सोलापुरातली खरी परीक्षा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि पफरला साधारण २४ ते २८ अंशांचे पाणी हवे असते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. त्यातच दुसरे संकट अमोनियाचे असते. माशाच्या उत्सर्जनातून व उरलेल्या अन्नातून तयार होणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो आणि त्यांतील एकच रूप फार विषारी असते. सामू ७ आणि तापमान २५ अंश असताना या विषारी रूपाचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो, सामू ८ झाला की तो सुमारे ५ टक्के होतो, आणि त्याच सामूला पाणी ३२ अंशांवर गेले की ८ टक्क्यांच्या पुढे जातो. आपले जड पाणी आणि आपला उन्हाळा हे दोन्ही मिळून अमोनियाची धार अशी वाढवतात. पफर मांसाहारी, खादाड आणि खाताना सांडणारा मासा असल्यामुळे तो घाणही इतरांपेक्षा जास्त करतो. म्हणून टाकी आणल्या दिवशीच मासा आणू नये. फिल्टरमध्ये जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि अमोनिया व त्यापासून बनणारे नायट्राइट दोन्ही चाचणीत शून्य दिसू लागल्यावरच मासा आणावा.

पाणी थंड ठेवायला फारसा खर्च येत नाही. टाकीचे झाकण काढून जाळी बसवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान पंखा सोडावा. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होते आणि माठातले पाणी जसे गार होते तसेच टाकीतलेही दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहते. ६० लिटरच्या टाकीतून सहा लिटर पाणी उडाले तर खारेपणा एक-नवमांशाने वाढतो, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याने घालावी आणि खारे पाणी फक्त पाणी बदलताना वापरावे. वीज गेल्यास फिल्टर व हवेचा पंप दोन्ही बंद पडतात, यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असलेला बरा.

नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे साठवण आपल्या अंगवळणी पडली आहे आणि इथे ती उपयोगी ठरते. उघड्या बादलीत दिवसभर ठेवलेल्या पाण्यातील क्लोरीन बराचसा उडून जातो, बंद टाकीत मात्र तो रेंगाळतो. त्यामुळे टाकीत घालण्यापूर्वी अँटिक्लोरचे थेंब टाकणे शहाणपणाचे आहे. पिण्यासाठी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलेले पाणी माशांना कधीही घालू नये. तांबे माशांना अपायकारक असते आणि पफरसारख्या खवले नसलेल्या माशाला विशेषच, शिवाय त्याच्या खाण्यातल्या गोगलगायी त्याने आधी मरतात.

या गोगलगायी पफरला का लागतात हे त्याच्या तोंडाकडे पाहिले की समजते. वरच्या व खालच्या जबड्यांतील दात जुळून चोचीसारख्या चार फळ्या बनलेल्या असतात आणि त्या जन्मभर वाढत राहतात. कवच फोडताना त्या झिजतात. नुसते मऊ अन्न मिळाले तर चोच इतकी वाढते की तोंड मिटत नाही आणि मासा उपाशी मरतो. शिकार करताना पफर गोगलगायीसमोर जागच्या जागी तरंगत राहतो, कल्ल्यांमागचे पर भिरभिरत असतात, शेपटी एका अंगाला वळलेली असते, आणि शंखातून मऊ अंग बाहेर आल्याबरोबर तो एकच चावा घेतो. पाणवनस्पतींबरोबर येणाऱ्या बारीक गोगलगायी वेगळ्या टबमध्ये वाढवल्या की पी पफर आणि लहान पिल्लांची सोय होते. मोठ्या हिरव्या पफरला सालासकट कोळंबी, शिंपल्या व खेकड्याचे पाय द्यावेत. पी पफर सहसा जिवंत किंवा गोठवलेलेच अन्न घेतो, सुक्या दाण्यांकडे पाहतही नाही.

मासा फुगतो कसा हे पाहण्यासाठी त्याला कोणीही डिवचू नये. धोका वाटला की तो पाणी गिळून पोट फुगवतो, पण पाण्याबाहेर काढल्यास हवा गिळतो आणि ती बाहेर टाकणे त्याला कठीण जाते. म्हणून दुकानदाराने तो जाळीने उचलण्याऐवजी पाण्यातच भांड्यात घेऊन पिशवीत सोडावा असा आग्रह धरावा. पफरमधील विषाची भीती हाताळण्यापुरती अनाठायी आहे, कारण ते चावून किंवा स्पर्शाने जात नाही. ते मासा खाल्ल्यावर बाधते, आणि मेलेला पफर मांजराच्या तोंडी लागणार नाही इतकी काळजी मात्र घ्यावी.

दुकानात मासा निवडताना त्याला समोर खायला घालायला सांगावे. पोट आत गेलेला, कोपऱ्यात काळा पडून बसलेला मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. रानातून पकडलेल्या पफरमध्ये पोटातील जंत नेहमीचेच असतात आणि खपाटीला गेलेले पोट ही त्याची पहिली खूण असते. त्याला गोल्डफिश किंवा एंजलच्या टाकीत सोडण्याचा बेत असेल तर तो बदलावा, कारण लांब पर हे पफरला खाद्यच वाटते. मिठाचा आणि मोजमापाचा व्याप नको असेल त्याने पी पफर घ्यावा. झाडे भरलेल्या ६०-७० लिटरच्या टाकीत पाच-सहा पी पफर सुखाने राहतात. हा मासा धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे, आणि त्यामागे नद्यांच्या ऱ्हासाबरोबर शोभेच्या माशांसाठी होणारी पकडही आहे. तो टाकीत अंडी घालतो व पिल्लेही वाढवता येतात, त्यामुळे घरी पैदास करणाऱ्या हौशी माणसाकडून पिल्ले मिळत असतील तर दुकानाच्या आधी तिथे चौकशी करावी. खरेदी शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी. तेव्हा बाहेरगावाहून येणाऱ्या पिशव्या वाटेत तापत नाहीत आणि नव्या टाकीला उन्हाळ्यापूर्वी दोन-तीन महिने स्थिरावायला मिळतात.