बेनिनची ओतीव शिल्पे

नायजेरियाच्या दक्षिणेकडील एडो लोकांच्या बेनिन राज्यात दरबारासाठी ओतलेली मस्तके, माणसांच्या व प्राण्यांच्या आकृती आणि उठावशिल्पांचे चौकोनी पट यांना 'बेनिन ब्राँझ' म्हणतात. नाव रूढ असले तरी फसवे आहे; यातली बहुतेक शिल्पे पितळेची आहेत. शेजारच्या बेनिन या देशाशीही त्यांचा संबंध नाही.

कारागीर आधी मातीचा गाभा करतो, त्यावर मेणाचा पातळ थर चढवतो आणि पोवळ्यांच्या माळा, केसांची ठेवण, कपाळावरच्या खुणा मेणातच कोरतो किंवा मेणाच्या वाती चिकटवून उठवतो. वरचा पहिला लेप अगदी मऊ मातीचा, कारण मेणावरची बारीक रेघ तोच उचलतो. मग जाडीभरडी माती. गाभा सरकू नये म्हणून लोखंडी खिळे खोचतात. साचा तापवला की मेण वाहून जाते आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. निवल्यावर साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच शिल्प निघते. बस्तरच्या ढोकरा या धातूच्या ओतकामाचे तत्त्वही हेच.

पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगीज व्यापारी 'मनिला' नावाची, हातात घालतात तशी पितळी कडी चलन म्हणून आणू लागले. मिरी, हस्तिदंत आणि गुलाम यांच्या बदल्यात मिळालेली ही कडी वितळवून शिल्पे झाली. नव्या ओबाने, म्हणजे राजाने, दिवंगत पित्याच्या वेदीसाठी मस्तक करवून घ्यायचे. त्याच्या माथ्यावरच्या भोकात कोरीव हस्तिदंत उभा करत. पट मात्र राजवाड्याच्या खांबांवर बसवलेले होते.

फेब्रुवारी 1897 मध्ये ब्रिटिश फौजेने राजधानी लुटली आणि पुढे त्याच वर्षी ओबा ओव्होन्रामवेन यांना कॅलबारला हद्दपार केले. हजारो वस्तू युरोपात पोचल्या. इतके सफाईदार काम आफ्रिकी हातांचे असेल हे तिथल्या अनेकांना पटेना; काहींनी श्रेय पोर्तुगिजांना दिले. पुढे नायजेरियातल्याच इग्बो-उक्वू येथे नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमाराचे ओतीव काम सापडले आणि तो तर्क टिकला नाही. जर्मनीने 2022 मध्ये काही शिल्पे परत केली, नेदरलँड्सने 2025 मध्ये 119. ब्रिटिश म्युझियमचा मोठा संग्रह मात्र लंडनमध्येच आहे.

बेनिन सिटीतल्या इगुन रस्त्यावर ओतकाऱ्यांची वंशपरंपरागत श्रेणी, म्हणजे कारागिरांचा संघ, आजही काम करते. पूर्वी ती केवळ ओबासाठी ओतत असे. आता मोडीतले पितळ वितळवून गिऱ्हाइकांसाठीही ओतते.