सिरियल डिव्हाइस सर्व्हर : उभारणी आणि जुळवणी

सिरियल डिव्हाइस सर्व्हर : यंत्राच्या सिरियल पोर्टमधून एकामागून एक येणारे बाइट इथरनेटच्या जाळ्यावर चढवणारे आणि जाळ्यावरून आलेले बाइट पुन्हा सिरियल तारेवर उतरवणारे उपकरण. कारखान्यांत त्याला नुसते ‘कन्व्हर्टर’ असेही म्हणतात. त्याच्या एका बाजूला आरएस-२३२, आरएस-४२२ किंवा आरएस-४८५ यांपैकी एका प्रमाणाची सिरियल जोडणी असते, दुसऱ्या बाजूला इथरनेट केबलचे आरजे-४५ सॉकेट असते आणि आतला लहानसा प्रोसेसर टीसीपी/आयपीचा, म्हणजे जाळ्यावरील देवाणघेवाणीच्या नियमांचा, सगळा व्यवहार सांभाळतो. ज्या यंत्राला आयपी पत्ता म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला हे उपकरण स्वतःचा पत्ता उसना देते.

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत व सिन्नर परिसरात या उपकरणाची गरज का पडते, हे शॉपवर एक फेरी मारली की कळते. एकाच छताखाली नवे सर्व्हो यंत्र आणि पंचवीस वर्षे चाललेले सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्र) शेजारी-शेजारी उभे असतात. जुन्याचे स्पिंडल आणि मार्गिका अजून उत्तम असतात, पण प्रोग्रॅम पाठवायला त्याच्याकडे फक्त आरएस-२३२ पोर्ट असतो. वीजमापकांचे आकडे आरएस-४८५वर येतात. कांद्याच्या बाजारपेठेत लिलाव झालेली ट्रॅक्टर-ट्रॉली भुईकाट्यावर चढते तेव्हा काट्याचा इंडिकेटर वजन सिरियल तारेनेच संगणकाला कळवतो. अशी यंत्रे केवळ जोडणी जुनी म्हणून भंगारात काढणे परवडणारे नसते आणि योग्यही नसते.

आरएस-२३२ हे प्रमाण अमेरिकेत १९६० साली आले आणि त्याची ‘सी’ आवृत्ती १९६९ साली रूढ झाली. त्यात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे शून्य असे मानतात, आणि तार साधारण १५ मीटरपलीकडे नेऊ नये असा संकेत आहे. आरएस-४८५ दोन तारांमधील व्होल्टेजचा फरक वाचते, म्हणून ते कमी वेगाला १,२०० मीटरपर्यंत जाते आणि एका जोडीवर ३२ प्रमाणित भार पेलते. इथरनेटची तांब्याची केबल एका टप्प्यात १०० मीटर चालते आणि त्यापुढे स्विच किंवा फायबर घालता येते. काटा गेटजवळ आणि कार्यालय आवाराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर आरएस-२३२ची तार लांबवत बसण्याऐवजी कन्व्हर्टर काट्याशेजारीच बसवावा आणि लांबचे अंतर इथरनेटवर सोपवावे.

उभारणी : उपकरण बहुधा डिन रेलवर (पॅनेलमधल्या प्रमाणित धातूच्या पट्टीवर) बसते आणि त्याला एकदिश विद्युत्पुरवठा लागतो, पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा पुरवठा असल्यास आणि उपकरणाला तो चालत असल्यास वेगळा अ‍ॅडॅप्टर लावू नये, कारण सैल अ‍ॅडॅप्टर हे अकारण बंद पडण्याचे नेहमीचे कारण आहे. ड्राइव्हच्या मोटर-केबलीपासून सिरियल तार दूर न्यावी आणि तिचे शील्ड एकाच टोकाला अर्थ करावे. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो आणि वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा तो फरक धोकादायक होतो, म्हणून इमारतीबाहेर जाणाऱ्या तारेसाठी विलगीकरण असलेले मॉडेल आणि सर्ज संरक्षक घ्यावेत.

आरएस-२३२मध्ये सर्वाधिक वेळ खाणारी चूक दोन आणि तीन क्रमांकांच्या पिनांची असते. नऊ पिनांच्या कनेक्टरवर पाच क्रमांक हा ग्राउंड असतो. संगणकासारखे उपकरण तीनवरून पाठवते आणि मोडेमसारखे उपकरण दोनवरून. यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, हे पुस्तिकेत शोधत बसण्यापेक्षा मल्टिमीटरने लगेच कळते : यंत्र शांत असताना पाच आणि ज्या पिनेमध्ये ठळक ऋण व्होल्टेज दिसते, ती पाठवणारी पिन. दोन्हींकडच्या पाठवणाऱ्या पिना एकाच क्रमांकाच्या निघाल्या, तर उलटी, म्हणजे नल मोडेम केबल लागते. आरएस-४८५मध्ये हीच अडचण ‘ए’ आणि ‘बी’ या अक्षरांची आहे; वेगवेगळे उत्पादक ती परस्परविरुद्ध अर्थाने छापतात, म्हणून उत्तर न आल्यास दोन तारांची अदलाबदल करून पाहावी, त्याने काही बिघडत नाही. तार एका यंत्रावरून दुसऱ्यावर अशी ओळीने न्यावी, फांद्या फोडू नयेत आणि १२० ओहमचा रोध फक्त दोन टोकांना लावावा.

सिरियल बाजूची जुळवणी : बॉड रेट (बिटांचा वेग), डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट), स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) आणि प्रवाहनियंत्रण (समोरच्याला थांबवण्याची पद्धत) हे पाच आकडे यंत्राकडे जसे असतील तसेच उपकरणात भरावे लागतात. काट्याच्या इंडिकेटरवर ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट हे नेहमीचे असते, तर जुन्या सीएनसीवर सात बिट आणि सम पॅरिटी आढळते. ही पायरी लॅपटॉप यंत्राला थेट जोडून आधी पूर्ण करावी आणि तिथे अक्षरे स्वच्छ दिसल्यावरच मधे कन्व्हर्टर घालावा, असा या नोंदीचा आग्रह आहे. ‘नेटवर्कची अडचण’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी तक्रारी प्रत्यक्षात पॅरिटीच्या असतात.

सीएनसीला मोठा प्रोग्रॅम थोडाथोडा पुरवताना, म्हणजे ड्रिप फीडमध्ये, प्रवाहनियंत्रण सर्वांत महत्त्वाचे ठरते. यंत्राची साठवण भरत आली की ते आस्की अक्षरसंचातले १९ क्रमांकाचे अक्षर पाठवून ‘थांबा’ म्हणते आणि जागा झाली की १७ क्रमांकाचे अक्षर पाठवते. हा निरोप जाळे ओलांडून संगणकापर्यंत पोहोचेपर्यंत आणखी कितीतरी अक्षरे वाटेत निघालेली असतात. म्हणून थांबण्याचे काम संगणकावर न सोडता ते कन्व्हर्टरने जागच्या जागी करावे, अशी निवड सेटिंगमध्ये करावी लागते. फॅनुक या उत्पादकाच्या अनेक जुन्या सीएनसी नियंत्रकांवर ०८७ क्रमांकाचा अलार्म साठवण ओसंडल्याचे सांगतो आणि ०८५ हा पॅरिटी किंवा चौकटीच्या (अक्षराची सुरुवात-शेवट न जुळण्याच्या) चुकीसारखा संदेशवहनातला दोष दाखवतो. या दोहोंतला फरक लक्षात घेतला की शोध निम्म्याने कमी होतो.

जाळ्याच्या बाजूची जुळवणी : नवे उपकरण कारखान्यातून ठरलेल्या पत्त्यासह येते किंवा डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता मागते. उत्पादकाचा शोधक प्रोग्रॅम सहसा ब्रॉडकास्टने, म्हणजे जाळ्यातल्या सर्वांना एकदम हाक देऊन, शोधतो, त्यामुळे पहिली भेट त्याच स्विचवर जोडलेल्या लॅपटॉपवरून घ्यावी. त्यानंतर ब्राउझरमधून कायमचा आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि गरजेपुरता गेटवे द्यावा. तो पत्ता राउटरच्या डीएचसीपी वाटपाच्या बाहेरचा असावा, नाहीतर एके दिवशी कुणाचा तरी फोन तोच पत्ता घेऊन बसतो आणि काटा बंद पडतो. बदल साठवून उपकरण पुन्हा सुरू केल्याशिवाय पुष्कळ मॉडेलांमध्ये ते लागू होत नाहीत.

मग कार्यपद्धती निवडायची. टीसीपी सर्व्हर पद्धतीत उपकरण एका पोर्ट क्रमांकावर वाट पाहते आणि संगणक जोडणी उघडतो. टीसीपी क्लायंट पद्धतीत उपकरण स्वतः ठरलेल्या सर्व्हरकडे जाते. दोन उपकरणे समोरासमोर जोडून मधल्या जाळ्याची जणू एक लांब सिरियल तारही करता येते. जुने सॉफ्टवेअर फक्त कॉम पोर्टच (विंडोजमधले सिरियल पोर्टचे नाव) ओळखत असेल, तर संगणकावर ड्रायव्हर टाकून आभासी कॉम पोर्ट बनवतात. त्याला शक्यतो एक अंकी क्रमांक द्यावा, कारण विंडोजमध्ये दहापासून पुढचे पोर्ट वेगळ्या प्रकारे उघडावे लागतात आणि कित्येक जुने प्रोग्रॅम तसे करत नाहीत. दुरून बॉड रेट व पॅरिटी बदलता यावी यासाठी ऑक्टोबर १९९७मध्ये आरएफसी २२१७ हे टेलनेटवर (दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या पद्धतीवर) आधारित प्रमाण प्रसिद्ध झाले. लिनक्सवरील सेर२नेट हा प्रोग्रॅम त्याला आधार देतो, त्यामुळे एखादा साधा संगणकही डिव्हाइस सर्व्हरचे काम करू शकतो.

या उपकरणाची खरी मर्यादा वेळेची आहे. ते बाइट जसेच्या तसे पोहोचवते, पण बाइटांमधली शांतता पोहोचवत नाही. १९७९ सालच्या मॉडबस या औद्योगिक संदेशपद्धतीच्या आरटीयू प्रकारात संदेश संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांइतकी शांतता. ९६०० वेगाला ती सुमारे ४ मिलिसेकंद भरते. कन्व्हर्टरने एकच संदेश दोन तुकड्यांत पाठवला, तर ऐकणाऱ्या प्रोग्रॅमला तो मोडलेला वाटतो. उपाय म्हणून काही मिलिसेकंद थांबून सगळे बाइट एकत्र पाठवण्याची सूचना उपकरणाला द्यावी आणि प्रोग्रॅममधली उत्तराची मुदत वाढवावी. काट्याच्या इंडिकेटरसाठी पूर्णविरामासारखे येणारे १३ क्रमांकाचे अक्षर हे विभाजक म्हणून नेमावे, म्हणजे अर्धे वजन कधी पोहोचत नाही. इथे एक गैरसमज दूर करायला हवा : मॉडबस आरटीयूचे बाइट टीसीपीवरून पाठवले म्हणून ते मॉडबस टीसीपी होत नाही. मॉडबस टीसीपी ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर चालते, त्याला सात बाइटांचा वेगळा शीर्षभाग असतो आणि शेवटचे सीआरसी (चूक तपासणारे बाइट) नसते. हे भाषांतर करणाऱ्या उपकरणाला मॉडबस गेटवे म्हणतात. खरेदीच्या वेळी हा फरक विचारून घ्यावा.

वीज गेल्यावर दिसणारा एक दोष अनेकांना कोड्यात टाकतो. संगणक अचानक बंद पडतो, पण यूपीएसवरचा कन्व्हर्टर चालूच राहतो आणि जुनी जोडणी अजून जिवंत आहे असे समजून नव्या जोडणीला नकार देतो. लोक उपकरणाची पिन काढून पुन्हा लावतात आणि काम चालू होते, म्हणून दोष उपकरणावर येतो. टीसीपी कीप-अलाइव्हची (जोडणी जिवंत आहे का हे पाहणाऱ्या तपासणीची) मुदत एखाद्या मिनिटाची ठेवली, तर मेलेली जोडणी उपकरण स्वतःच सोडून देते.

सुरक्षितता : हे उपकरण ज्याच्यासाठी राबते त्या सिरियल यंत्राला पासवर्ड नावाची गोष्टच माहीत नसते, जो पोर्टपर्यंत पोहोचला तो यंत्राचा मालक झाला. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीजवितरणावर झालेल्या हल्ल्यात उपकेंद्रांमधील सिरियल-इथरनेट कन्व्हर्टरांचे फर्मवेअर (आतले मूळ सॉफ्टवेअर) बिघडवले गेले, त्यामुळे ब्रेकर दुरून पुन्हा जोडता येईनात आणि कर्मचाऱ्यांना जागेवर जाऊन ते हाताने जोडावे लागले. म्हणून कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, टेलनेट आणि न लागणाऱ्या सेवा बंद कराव्यात, जोडणी मोजक्या आयपी पत्त्यांपुरती मर्यादित ठेवावी आणि यंत्रांचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून व्हीलॅनने (त्याच स्विचवर पाडलेल्या आभासी जाळ्याने) वेगळे करावे. दुरून देखभाल हवी असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरचा कूटबद्ध खाजगी मार्ग) वापरावे. राउटरवर पोर्ट उघडून उपकरण थेट इंटरनेटवर ठेवू नये.

जुळवणी पूर्ण झाल्यावर तिची फाइल उतरवून ठेवावी आणि आयपी पत्ता, पोर्ट, बॉड रेट, पॅरिटी व केबलचा प्रकार एका कागदावर लिहून तो पॅनेलच्या दाराला आतून चिकटवावा. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नये.